घर असावे देखणे, डोक्यावर नसावे देणे

(गणेशोत्सवात कुंडम येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुंडमला रेल्वे स्टेशन नाही. त्यामुळे 'गाडी लेट होती' ही आमची नेहमीची सबब आज चालणार नव्हती. म्हणून मुकाट्यानं बसनं आलो आणि वेळेवर पोहोचलो!

सचिवांनी फोनवर विषय सांगितला, तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, पूल, प्लॅटफॉर्म, क्वार्टर यांत माझी वीस-बावीस वर्षं गेली. घर-सजावटीवर मी काय बोलणार?" ते म्हणाले, "आमच्या महिला मंडळाची फर्माईश आहे. कमी पैशात घर श्रीमंत कसं दिसेल, एवढंच सांगा." मी विचार केला, की हा विषय तर आमच्या खात्याचाच आहे. रेल्वेत कामाला मंजूर झालेली रक्कम ठरलेली असते. त्या रकमेतच काम उभं करायचं आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांना ते नीटनेटकं दिसलंही पाहिजे. या कसरतीत जे शिकलो, तेच आज आपल्यासमोर ठेवतो.

श्रीमंती दिसते कशात?

मंडळी, डोळ्यांसमोर दोन घरं आणा. पहिल्या घरात महागडा सोफा आहे, छताला पीओपीची फुलं आहेत, भिंतीवर चकचकीत वॉलपेपर आहे. पण कोपऱ्यात ओल आलेली, दाराची चौकट एका बाजूला कललेली, टीव्हीमागून वायरींचं जाळं लोंबतंय आणि दारात चपलांचा ढीग. दुसऱ्या घरात चुन्याच्या पांढऱ्या भिंती, एक लाकडी बाक, त्यावर स्वच्छ चादर, कोनाड्यात घासलेला पितळी तांब्या आणि खिडकीतून येणारा उजेड. मला सांगा, भारदस्त घर कोणतं वाटेल?

आपल्या जुन्या वाड्यांत सामान फारसं नसायचं. दगड, चुना, लाकूड, एक झोपाळा, दिवाणखान्यात बैठक, संपलं. तरी आत पाऊल टाकताना माणूस आपोआप हळू बोलायचा. याचं कारण माझ्या मते चार गोष्टींत आहे. भिंत कोरडी हवी, रेषा सरळ हव्यात, पसारा नको आणि उजेड योग्य जागी हवा. या चार गोष्टी जमल्या की साधी वस्तूही उठून दिसते. त्या जमल्या नाहीत, तर लाखाची वस्तू आणली तरी 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होते. आणि मजा अशी की या चारही गोष्टींना पैसा कमी आणि लक्ष जास्त लागतं.

कर्जाचा हिशोब

आता जरा कडू बोलतो. हल्ली घर बांधायला कर्ज, ते आपण समजू शकतो. पण घर सजवायलाही कर्ज निघायला लागलं आहे. बँकेचं मिळालं नाही तर खाजगी सावकाराचं. गावाकडे महिना ३ टक्के हा दर अनेकांच्या कानावर आहे. ऐकायला ३ हा आकडा लहान वाटतो. १ लाख ४० हजार रुपये या दरानं घेतले, तर महिन्याचं व्याज ४,२०० रुपये. वर्षाचे झाले ५०,४००. मुद्दल तसंच्या तसं उभं! म्हणजे पीओपीची फुलं तीन वर्षं बघायची आणि तेवढ्या काळात त्यांच्या किमतीहून जास्त नुसतं व्याज भरायचं.

हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. याच कुंडम तहसिलीतल्या एका गावची गोष्ट आहे. माझ्या हाताखाली गँगमध्ये मेट म्हणून काम केलेले एक दादा निवृत्त होऊन गावी आले. गोंड समाजातले, शब्दाचे पक्के. त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव आवास योजनेत निघालं. आपल्याला माहीत आहे, २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर अपेक्षित असतं आणि मदत मिळते सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार. एवढ्यात भिंती आणि छत उभं राहतं, शोभेला काही उरत नाही. घर झालं आणि वर्षाच्या आत दादांच्या नातीसाठी स्थळ आलं. पाहुणे महिन्याभरात घर बघायला येणार. शहरातल्या एका ठेकेदारानं येऊन सांगितलं, "पाहुण्यांपुढे लाज राखायची असेल तर समोर टाइल्स लावा, आत पीओपी आणि वॉलपेपर करा, १ लाख ४० हजारांत चकाचक करून देतो." दादा सावकाराकडे निघाले होते. जाण्याआधी त्यांनी मला फोन केला, "साहब, एक बार आप देख लो."

ही २०२३ सालची गोष्ट. मी रविवारी गेलो. घर चांगलं होतं. पण कठड्याच्या सांध्यातून छतात पाणी मुरत होतं आणि पुढच्या खोलीची एक भिंत ओली होती. त्या ओल्या भिंतीवर ठेकेदार वॉलपेपर लावणार होता! मी दादांना म्हटलं, "आजाराला औषध करायचं सोडून त्याला नवा सदरा घालायचा, असा हा प्रकार आहे. मला फक्त तीन रविवार द्या."

काय केलं, किती लागले

पहिलं काम छताचं. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंगचं औषध घालून गोलाई मारली, पाणी निघून जाईल असा उतार दिला आणि पावसाळी नळीचं तोंड मोकळं केलं. खर्च ३,८०० रुपये. भिंत सुकायला वेळ दिला. ओल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही, मग तो दोनशे रुपये लिटरचा असो की हजार रुपयांचा.

दुसरं काम गिलाव्याचं. दारं-खिडक्यांच्या कडा फुटल्या होत्या. ओळंबा आणि दोरी लावून त्या सरळ करून घेतल्या. २,२०० रुपये. माणसाच्या डोळ्याला वाकडेपणा लगेच कळतो, कारण मात्र सांगता येत नाही. 'काहीतरी बरं वाटत नाही' एवढंच तो म्हणतो.

तिसरं, पुढच्या खोलीत रेड ऑक्साइड घालून सिमेंटची घोटीव जमीन केली आणि ती सात दिवस पाण्याखाली ठेवली. ४,९०० रुपये. आपल्या आजोळच्या घरांतली ती लाल गुळगुळीत जमीन आठवते ना? तीच.

चौथं, वीज. लोंबणाऱ्या वायरी पट्टीत बसवल्या, बोर्ड एका ओळीत घेतले आणि सहा एलईडी दिवे लावले. ४,१०० रुपये. पाचवं, जाड सुती कापडाचे पडदे आणि त्यांचे पाइप, २,६०० रुपये. सहावं, जुन्या घराचं सागवानी दार निघालं होतं, ते घासून, जवसाचं तेल पाजून पुढे बसवलं. १,१०० रुपये. आणि सातवं म्हणजे चुना, गेरू, कुंचले आणि डिंक, मिळून १,९०० रुपये.

बेरीज करा. २०,६०० रुपये. मिस्त्रीची मजुरी यातच आली. घरच्यांनी जे हात चालवले ते मात्र यात धरलेले नाहीत. ठेकेदाराच्या आकड्याचा हा जेमतेम सातवा हिस्सा. दादांनी तो पेन्शनमधून दोन हप्त्यांत दिला. सावकाराच्या पायरीवर जावं लागलं नाही.

आजींची भिंत

पण त्या घराची खरी शोभा मी केलेली नाही. ती केली दादांच्या आईनं. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. जुन्या मातीच्या घरात दर सणाला त्या ढिगना काढायच्या. आपल्या रांगोळीसारखी भौमितिक नक्षी, जमिनीवर आणि भिंतीवर, गेरू आणि छुही म्हणजे पांढऱ्या मातीनं. मातीच्या उठावाची नक्षी, जिला इकडे नोहडोरा म्हणतात, तीही त्यांच्या हातात होती. पक्कं घर झाल्यावर त्यांनी एका भिंतीवर करून पाहिली, तर पंधरा दिवसांत पोपडे निघाले. त्या गप्प बसल्या. "सिमेंट की भींत मिट्टी को नहीं पकड़ती," एवढंच मला म्हणाल्या.

यात शास्त्र आहे. सिमेंटचा गिलावा घट्ट आणि गुळगुळीत. माती सुकताना आक्रसते आणि तिला धरायला जागा नसली की सुटून येते. उपाय आम्ही दोघांनी मिळून काढला. मी भिंतीला जवळजवळ टाचे मारून घेतले आणि ती पाण्यानं भिजवली. मातीचं मिश्रण मात्र आजींचं. गाळलेली माती, शेण आणि बारीक भुसा. जाड थर एकदम न देता दोन पातळ थर, मध्ये चार दिवस सुकू द्यायचे. भुसा मातीला बांधून ठेवतो, तडे जाऊ देत नाही. आम्ही काँक्रीटमध्ये लोखंड घालतो ते ज्या कारणासाठी, तेच काम इथे भुसा करतो. आजींनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण हे त्यांना आमच्या प्राध्यापकांइतकंच पक्कं ठाऊक होतं.

मग त्या भिंतीवर मोर आले, महुआचं झाड आलं, आणि भोवती ढिगन्याची चौकट. नातीनं आणि सुनेनं हात लावला. बाकी तिन्ही भिंती पांढऱ्या, खाली तीन फुटांपर्यंत गेरूचा पट्टा. पाहुणे आले तेव्हा आधी त्या भिंतीसमोर उभे राहिले आणि मग बसले. सोयरीक जमली ती मुलीच्या गुणांवर, भिंतीवर नव्हे. पण लग्नाच्या मांडवात दादा उभे राहिले ते डोक्यावर एक रुपयाचं देणं नसताना. माझ्या दृष्टीनं ती त्या घराची सगळ्यात मोठी सजावट होती.

याच रस्त्यानं पुढे

कुणी म्हणेल, मातीची नक्षी ही गरिबाघरची, तिला 'श्रीमंत' कसं म्हणायचं? तर मंडळी, आपल्या दारावरून जाणारा हा रस्ता पुढे शहपुऱ्याला, तिथून दिंडोरीला जातो. दिंडोरीच्या पुढे पाटनगढ नावाचं गाव आहे. १९४० च्या दशकात व्हेरियर एल्विन हे विद्वान तिथे राहत होते आणि १९५१ साली त्यांनी मध्य भारतातल्या आदिवासींच्या कलेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच गावातला एक परधान गोंड तरुण, जनगढ सिंह श्याम, घरांच्या भिंतींवर मातीची चित्रं काढत असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या माणसांनी ते काम पाहिलं आणि त्यांना भोपाळला नेलं. भारत भवन १९८२ साली सुरू झालं. जनगढ यांनी भिंतीवरचं चित्र कागदावर आणि कॅनव्हासवर आणलं. १९८९ साली त्यांचं काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागलं. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. २००१ साली जपानमध्ये त्यांचा दुर्दैवी अंत झाला, पण त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे कितीतरी जण गेले.

त्याच पाटनगढचे भज्जू श्याम लंडनला गेले, ते तिथल्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला. त्या प्रवासावर २००४ साली त्यांचं 'द लंडन जंगल बुक' हे चित्रपुस्तक निघालं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व्याम लहानपणी ढिगना काढायला शिकल्या, म्हणजे आमच्या आजींचीच विद्या, आणि २०२२ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. २०२३ साली मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. अशी चित्रं आज मोठमोठ्या शहरांतल्या दिवाणखान्यांत चौकटीत लावलेली दिसतात. आणि आपण इथे, त्या कलेच्या माहेरी बसून, कारखान्यात छापलेला फुलाफुलांचा वॉलपेपर शोधतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

महाराष्ट्रातही हेच घडलं. ठाणे-पालघरकडचे वारली लोक कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढत. जिव्या सोमा मशे यांनी ती जगाला दाखवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा माझी विनंती अशी, की भिंतीसाठी पाच-सहा हजार रुपये बाजूला काढले असतील, तर मोठा छापील देखावा आणू नका. कलाकाराकडून थेट, त्याच्या सहीचं एक लहान चित्र घ्या, भोवती पांढरी जागा सोडून लावा. त्यातून आपली भिंतही बोलेल आणि शेजारच्या जिल्ह्यातलं एक घरही चालेल.

पक्क्या घरांसाठी चार गोष्टी

आता आपल्या क्वार्टरमध्ये, फ्लॅटमध्ये काय करता येईल ते सांगतो. वहिनी-काकू मंडळींनी लिहून घ्यायला हरकत नाही.

एक. महाग वस्तू एकाच भिंतीवर. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चारही भिंतींचं क्षेत्रफळ दारं-खिडक्या न वजा करता ४४० चौरस फूट होतं. त्यातली समोरची १२ फुटी भिंत १२० चौरस फूट, म्हणजे साधारण २७ टक्के. चांगला रंग, लाकडी पट्ट्या, दगडी पाटी, जे काय हौसेचं असेल ते तेवढ्याच भिंतीवर करा. बाकी तिन्ही साध्या ठेवा. खर्च पावपट होतो आणि परिणाम दुप्पट होतो, कारण नजर एका जागी ठरते.

दोन. छत खाली आणू नका. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट असावी असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. आपल्याकडे बऱ्याच खोल्या जेमतेम तेवढ्याच असतात. त्यात पीओपी लटकवलं की अर्धा-पाऊण फूट गेला, खोली बसकी झाली आणि आपल्या जबलपूरकडच्या मे महिन्यात उकाडा वाढला तो वेगळाच. त्याऐवजी छत पांढरं ठेवा आणि पडद्याचा पाइप खिडकीच्या डोक्यावर न लावता छताजवळ लावा, पडदा जमिनीपर्यंत सोडा. खोली उंच वाटते. कापड थोडं जास्त लागेल, एवढंच.

तीन. उजेड. खोलीच्या मधोमध एक पांढराफटक दिवा लावला की घर ऑफिस वाटतं. दिव्याच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो निळसर पांढरा, आणि २७०० ते ३००० के लिहिलेलं असतं तो जुन्या बल्बसारखा पिवळसर. अभ्यासाच्या टेबलाला आणि स्वयंपाकाच्या ओट्याला पांढरा दिवा ठेवा. बैठकीच्या खोलीत पिवळसर लावा, आणि एका मोठ्याऐवजी दोन-तीन लहान, कमी उंचीवर. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो, त्यामुळे तीन दिवे लावूनही वीज निम्म्याहून कमीच लागते.

चार. चुना. आज चुन्याला कुणी विचारत नाही, पण त्याच्यासारखी मऊ पांढरी भिंत महागड्या रंगानंही येत नाही. कटनी आपल्याला किती जवळ! किलोला साधारण ५ लिटर पाणी घालून चुना विझवा, २४ तास राहू द्या, जाड कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला आणि किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास नीळ. पहिला हात उभा-आडवा नीट मारा आणि तो वाळल्यावरच दुसरा. नव्या भिंतीला तीन हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणून तो भिंतीला धरून राहतो. पण दोन सूचना. ऑइलपेंट किंवा डिस्टेंपरवर चुना बसत नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो. आणि चुना विझवताना तो उकळतो, डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका. मुलांना लांब ठेवा आणि चष्मा घालूनच काम करा.

आणखी एक, रेल्वेवाला म्हणून. हल्ली जुन्या लाकडी स्लीपरांची टेबलं, बाक करायची फॅशन आली आहे. लाकूड दणकट असतं हे खरं. पण टिकाऊपणासाठी त्याला क्रिओसोट पाजलेलं असतं, आणि ते त्वचेला नि श्वासाला चांगलं नाही. अंगणात पायरीसाठी असलं तरी हात लागेल असं नको, आणि घरात तर अजिबात नको. जुन्या घराची दारं, चौकटी, देवळ्या मोडीत मिळतात, त्या घ्या. जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की नव्या फर्निचरला लाजवतील.

बाकी घरातलंच काढा. आजीचा पितळी हंडा चिंच-मिठानं घासून कोपऱ्यात ठेवा. जुन्या लुगड्यांची गोधडी पेटीत कुजवू नका, सोफ्यावर टाका किंवा एका भिंतीवर सरळ ताणून लावा. आणि नवी वस्तू आणण्याआधी दोन जुन्या बाहेर काढा. जागा रिकामी असणं ही सुद्धा एक सजावट आहे, आणि ती फुकट मिळते.

मोठ्यांनी काय केलं

हे सगळं मी गरिबांना समजूत घालायला सांगतोय असं समजू नका. लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आर्किटेक्ट केरळात राहिले. त्यांनी आयुष्यभर विटेची भिंत उघडी ठेवून, जुनी दारं-खिडक्या पुन्हा वापरून घरं बांधली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि आज त्यांची घरं बघायला परदेशातून विद्यार्थी येतात. रवींद्रनाथ टागोरांनी १९३५ साली शांतिनिकेतनात स्वतःसाठी 'श्यामली' नावाचं मातीचं घर बांधून घेतलं. त्याच्या भिंतींवर मातीच्या उठावाची चित्रं आहेत. नोबेल मिळालेला माणूस मातीच्या घरात राहायला गेला! आणि शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा आपल्या जबलपूरचेच. शहीद स्मारकातली त्यांची भित्तिचित्रं कधी सवड काढून मुलांना जरूर दाखवा.

यांच्यापैकी कुणालाही पैसे नाहीत म्हणून हे करावं लागलं असं नाही. जवळ मिळणारा माल, हातातलं कसब आणि गरजेपुरतंच सामान, या तिन्हींवर त्यांचा विश्वास होता.

मखरापासून सुरुवात

शेवटी, आपण बाप्पाच्या मांडवात आहोत, म्हणून त्याच्याच घराबद्दल बोलतो. थर्माकोलची मखरं आपण वर्षानुवर्षं आणली. महाराष्ट्रात २०१८ साली त्यावर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभरच बंद झाला. बंदी नसती तरी तो दहा दिवसांनी कचराच होता. यंदा आपल्या कार्यकर्त्यांनी बांबूच्या कामट्या, जुन्या साड्या आणि आंब्याची पानं यांचं मखर केलं आहे. मघाशी मी खजिनदारांना खर्च विचारला, त्यांनी आकडा माझ्या कानात सांगितला. तो मी जाहीर करत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी कुणी देणार नाही!

पण एक सुचवतो. पुढच्या वर्षी मखराच्या मागची भिंत मातीची करा. गावातल्या ज्या आज्यांना ढिगना येतो त्यांना सन्मानानं बोलवा, मानधन द्या, आणि आपल्या मुलींना त्यांच्या शेजारी बसवा. पक्की घरं झाली ती चांगलीच गोष्ट आहे, पावसाळ्यात कुणाच्या डोक्यावर पाणी गळू नये. पण पक्क्या भिंतींबरोबर ही विद्या पुसली गेली, तर मग विकत घेतल्यावाचून इलाज राहणार नाही, आणि तेव्हा ती खरोखरच आपल्याला परवडणार नाही. ज्यांच्या हातात ती आहे, त्या अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून घ्यायची वेळ आत्ताच आहे.

मी खूप वेळ घेतला असेन तर लाल झेंडी दाखवण्याचा अधिकार अध्यक्षांना होता. त्यांनी ती दाखवली नाही, हे त्यांचं मोठेपण! आपल्या सर्वांच्या घरात समाधान नांदो आणि कुणाच्याही दारात देणेकरी न येवो, हीच गजाननाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!